हिवाळ्यातील धुरक्यात हृदयरुग्णाने सकाळी फिरायला जावे का?

अँजिओप्लास्टी झालेल्या आपल्या वडिलांनी मुंबईतील हिवाळ्याच्या धुरक्यात पहाटेचे फिरणे बंद करावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फिरणे बंद करू नये, वेळ आणि जागा बदलावी. हवेतील २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकात फारसे अडकत नाहीत; ते फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि तेथील दाहाचा परिणाम शरीरभर होऊन रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्ताची गुठळी होण्याची शक्यता बळावते, आणि धमन्यांत आधीच चरबीचे थर असलेल्या माणसाला हे जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक पातळी सुचवली, तर भारताचे मानक ४० आहे. म्हणून ‘मर्यादेत’ असलेली हवाही निर्धोक समजू नये. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो आणि गारठ्यानेही रक्तदाब चढतो, त्यामुळे ऊन वर आल्यावर, वाहता रस्ता आणि बांधकामे टाळून फिरणे बरे. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क अडवतो, मात्र त्याने धाप लागत असल्यास त्या दिवशी घरातच चालावे. छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ जाणवल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.