वस्तीत बचत गटातर्फे पाळणाघर बिनखर्चात चालवता येईल का?

तुम्ही विचारलंय की वस्तीत अंगणवाडी असताना वेगळं पाळणाघर लागतं का, आणि घरीच असणाऱ्या बायकांनी आळीपाळीने मुलं सांभाळली तर ते बिनखर्चात चालेल का. पाळणाघर जरूर काढा. बिनखर्चात काढू नका.

अंगणवाडी दुपारी सुटते, कामाला गेलेली आई सुटत नाही. आठ महिन्यांच्या तान्ह्याला तिथे दिवसभर कोण ठेवून घेणार? कायद्याकडेही बघून झालंय. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती केली ती 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. धुणीभांडी करणारीचे मालक म्हणजे चार वेगवेगळी घरं. तिला कुठलं पाळणाघर?

पण तुमच्या प्रश्नातलं ते "घरीच असणाऱ्या बायका" वाचून मला राहवलं नाही. हेच मला तोंडावर ऐकवलं गेलंय. आमच्या गटाने समाजमंदिराची मागची खोली घेतली तेव्हा भाडं ठरलं, सतरंज्या ठरल्या, झोळ्या टांगायला कड्या कुठे ठोकायच्या तेही ठरलं. मुलं मी सांभाळायची हेही ठरलं. माझ्या पैशांचा विषय निघाला तशा चिटणीस बाई म्हणाल्या, "तुझी पोरं तू सांभाळतेसच की, त्यात आणखी चार. पुण्याचं काम आहे." बाकी सगळ्या गप्प.

सकाळी साडेसहाला पहिलं मूल यायचं, झोपेतच. आई त्याला खांद्यावरून अलगद सतरंजीवर ठेवायची आणि चप्पल हातात घेऊन बाहेर पडायची, कारण आवाज झाला की ते उठून गळ्यात पडणार. दुधाच्या बाटल्या सगळ्यांच्या सारख्याच, म्हणून प्रत्येक बाटलीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. रात्री कुणाला ताप होता, कुणाला न्यायला कोण येणार, सगळं वहीत लिहायचं. बाप पिऊन आला तर मूल त्याच्या हाती द्यायचं नाही, हे आयांनीच बजावलेलं. तेव्हा दारात उभं राहून त्याच्या शिव्या मी खायच्या. संध्याकाळी कंबर धरलेली आणि हातात छदाम नाही. पोळीभाजी केंद्रात काम मिळालं, मी गेले. बरोबरच केलं.

खोली बंद पडली तेव्हा वस्तीचे डोळे उघडले. एका बाळाची चौथीतली बहीण शाळा सोडून त्याला घेऊन बसायला लागली. आयांचे खाडे वाढले, पगार कापले गेले, एकीचं काम सुटलं. शेवटी घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या एकीने बैठकीत हिशोब मांडला: दोन-तीन खाड्यांत जेवढे कापले जातात, तेवढ्यात महिन्याची फी भागते. त्या दिवशी माझा पगार ठरला आणि मी परत आले. मग संध्याकाळपर्यंत मुलांची सोय झाल्यावर काही जणी शिलाईच्या कारखान्यात पूर्ण पाळीला लागल्या. दोन घरची भांडी आणि महिन्याचा बांधलेला पगार यांत फार फरक असतो.

त्या चौथीतल्या मुलीसारख्या मुली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कोसबाडच्या पाड्यांवर भेटल्याच होत्या. धाकट्याला सांभाळायचं म्हणून मोठी शाळेत येईना, तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. आणि पगाराचं म्हणाल तर 2005 च्या रोजगार हमी कायद्यातच लिहिलं होतं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे पाटी उचलणं हे काम आणि पोरं सांभाळणं हेही काम. अहमदाबादेत "सेवा" या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांची संगिनी ही बालसंगोपनाची सहकारी संस्था आहे, तिथे सांभाळणाऱ्या बायका स्वतःच सभासद आहेत. आमच्या चिटणीस बाईंना हे सगळं मी सांगितलं होतं. त्यांना अजून पटलेलं नाही.

अनुदानाचं राहिलंच. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीतल्या पालना योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची सोय आहे, वय सहा महिने ते सहा वर्षं. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे चौकशी करा, पण त्याची वाट बघत बसू नका. आयांना मजुरी आठवड्याने मिळत असेल तर फीसुद्धा आठवड्यानेच घ्या. एखादी अडचणीत असेल तर तिची फी गटाने भरावी, सांभाळणारीच्या पगारातून ती वळती करू नये. आणि खोलीत कायम दोघी हव्यात. एकटीवर सोपवलं तर तिला मोरीत जायचीसुद्धा चोरी. सुरुवातीला फी पुरणार नाही हे खरं, तेवढं गटाच्या व्याजातून भरावं लागेल. गट अगदीच नवा असेल तर आधी मोजकीच मुलं घ्या.

जिने मुलं सांभाळायची तिला पहिल्याच बैठकीत बोलवा आणि तिच्यासमोर तिच्या पगाराचा आकडा वहीत लिहा. खेळणी नंतर आणली तरी चालतात.