ढगात शिरण्याआधी

साखळी, गोवा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

हडपसरला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवताना ढगापासून लांब राहायला शिकलास, आता युरोपात जाऊन ते ढगात न्यायला शिकणार म्हणतोस. जरूर शीक. तिथल्या नियमांत परवान्यानंतर ३० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून, मग प्रशिक्षकासोबत निदान २ तास बाहेर न बघता निव्वळ यंत्रांवर आणि शेवटी परीक्षा आहे. माझ्या मते २ तास फार थोडे. दुप्पट माग.

निघण्याआधी एक कर. फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बस आणि भावाला एकसारख्या वेगाने फिरवायला सांग. थोड्या वेळाने तुला खुर्ची थांबल्यासारखी वाटेल. त्याने ती खरोखर थांबवली, की तू म्हणशील, उलटी फिरतेय. कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव फिरण्याला सरावतो, म्हणून हे होतं. ढगात पंख असाच नकळत कलतो. शरीर म्हणतं सरळ आहोत, नाक खाली जातं, वेग चढतो, आणि माणूस घाबरून स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) मागे ओढतो. पंख कललेले असताना ओढलं की वळण आणखी आवळतं आणि ग्लायडर हवेत मोडू शकतं. म्हणून आधी पंख सरळ, मगच नाक वर. ताबा सुटतोय अशी शंका आली, तरी वेग वाढायच्या आत एअरब्रेक (पंखावरचे वेग आवरणारे ब्रेक) उघड.

आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) हवाच, पण टर्न अँड स्लिप (वळण आणि घसरण दाखवणारं यंत्र) वेगळ्या बॅटरीवर असू दे. होरायझन टेक-ऑफपूर्वीच चालू करून स्थिर होऊ दे. पॅराशूट, रेडिओ, फ्लार्म (जवळच्या विमानाची धडक टाळायला इशारा देणारं यंत्र) हे आलंच. मात्र फ्लार्म नसलेलं विमान फ्लार्मला सहसा दिसत नाही, म्हणून रेडिओवर उंची आणि जागा सांगत राहा.

बर्फाची सवय तुला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंश साधारण पाच किलोमीटरवर असतं, तिथे वसंतात ते दीड-दोन किलोमीटरवरही भेटेल. पिटो (वेग मोजायची, समोरून हवा घेणारी नळी) बर्फाने बुजला की वेगाचा काटा खोटं बोलतो. एअरब्रेक गोठून बसतात, म्हणून अधूनमधून उघडून बघत जा.

चोर्ला घाटावर बसतो तसा, डोंगर पोटात घेतलेला ढग मात्र वर्ज्य. क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळी ढगही.

नाव नोंदवण्याआधी क्लबच्या दोन आसनी ग्लायडरमध्ये कोणती यंत्रं आहेत आणि बॅटऱ्या किती, ते विचारून मला कळव.

तुझा,
काका