उन्हाळी, कॅप्सूल आणि महालक्ष्म्या

"म्याडम, पोटात लेकरू असताना अँटिबायोटिक चालते का?" यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण भागात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. त्या दिवशी हा प्रश्न मला ऐकावा लागला नाही, असं क्वचितच होतं.

एका घरातल्या धाकट्या सुनेला पाचवा महिना होता. कापूस वेचायला जायची. वावरात आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची. उन्हाळी लागली, म्हणजे लघवी करताना जळजळ सुरू झाली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या. तिसऱ्या दिवशी आशाताई तिला माझ्याकडे घेऊन आल्या. पदराच्या गाठीतून तिनं पाकीट काढलं. चारच घरं फुटली होती.

"जळजळ थांबली. मंग कायले खाऊ? उद्या लेकराले काही झालं त् सारे मलेच म्हनतीन."

औषध सुरक्षित आहे, हे तिला आधीच दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. माझा अनुभव असा, की गरोदर बाईची भीती तिच्या एकटीची नसते, ती घराची असते. म्हणून विचारलं, "घरात कोणाला काही झालं होतं का?"

सोबत आलेली सासू बोलली. मोठ्या सुनेनं सातव्या महिन्यात गोळ्या खाल्ल्या आणि ती लवकर बाळंत झाली. बाळ राहिलं नाही.

"मावशी, गोळ्या कधी सुरू केल्या?"

"महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी."

"आणि ताप?"

"ताप त् तान्ह्या पोळ्यापासून. थंडी वाजे, कंबर दुखे. आमी काढा देल्ला..."

तान्ह्या पोळ्यापासून, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून, महालक्ष्म्या (गौरी) बसेपर्यंतचे दिवस मावशी बोटांवर मोजत होत्या. आठव्या बोटावर थांबल्या. खोलीत कोणीच बोललं नाही. मीही नाही. त्या बाळाचं नेमकं काय झालं, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही, आणि दोष त्या काढ्यावर किंवा मावशींवर ढकलणं हे माझं काम नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आठ दिवस अंगात आजार होता, मावशी. गोळीचं पाकीट हाती राहिलं, म्हणून ती ध्यानात राहिली." धाकटी सासूकडे बघत होती. मला तेव्हा उमगलं, की एवढी वर्षं मी गोळीबद्दल बोलत आले आणि बाया मला आजाराबद्दल विचारत होत्या.

मग सांगणं सोपं गेलं. गरोदरपणात मूत्रमार्ग सैलावतो, लघवी तुंबते, जंतू वर किडनीपर्यंत चढू शकतात. तसं झालं तर थंडी वाजून ताप येतो आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण होऊ शकतं. कधी तर जळजळही नसते, लघवी तपासूनच कळतं. पेनिसिलिन आणि सेफॅलेक्सिनच्या गटातली औषधं गरोदर बायांना कित्येक दशकं दिली जात आहेत. ज्यांना जपायचं ती वेगळी आहेत. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन बाळाच्या दातांत आणि हाडांत बसतात. स्ट्रेप्टोमायसिननं बाळाच्या कानाला इजा होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन शक्यतो टाळतात. म्हणून नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या किंवा मेडिकलवाल्यानं मनानं दिलेल्या गोळ्या घेऊच नयेत. कोणत्याही डॉक्टरला कितवा महिना आहे आणि पूर्वी कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती, हे आधी सांगावं. जळजळ थांबली तरी ठरलेले दिवस पुरे करावेत, नंतर लघवी पुन्हा तपासावी. अंगावर पुरळ आलं, दम लागला, किंवा ताप येऊन कंबर-कूस दुखू लागली, तर लगेच दवाखाना गाठावा. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण ते कॅप्सूलच्या जागी नको.

मधे चुकलेल्या कॅप्सूलचं काय करायचं, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घेतलं. धाकटीनं तिथंच पाण्यासोबत पुढची कॅप्सूल घेतली. पेला सासूनं भरून दिला होता.

पुढच्या 9 तारखेला मावशी परत आल्या. धाकटीची लघवी स्वच्छ आली होती. पण त्या बसल्या नाहीत. दारामागं उभ्या असलेल्या मोठ्या सुनेला हात धरून आत आणलं आणि म्हणाल्या, "म्याडम, तान्ह्या पोळ्याचं जे मले सांगतलं, ते आता हिले सांगा. चार साल झाले, हे सोताले दोष देते."