आपला लांडगा बारीक का?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा नोकरीसाठी कॅनडात आहे. त्यानं तिथल्या लांडग्याचा फोटो पाठवला. केवढं ते धूड, मानेभोवती केसांचा नुसता गुच्छ! आमच्या शिवारातला लांडगा त्याच्यापुढं गावठी कुत्र्यासारखा दिसतो. मुलगा म्हणतो, ‘आपल्याकडचे उपाशी असतात.’ खरंच पोटाला मिळत नाही म्हणून आपला लांडगा बारीक राहिला का? इथलं पिल्लू तिकडं नेऊन भरपूर खाऊ घातलं तर तेवढं होईल का? दिवाळीनंतर आमच्या ओढ्याकाठी एका बिळात पिल्लं दिसली आहेत, म्हणून विचारतो.
– एक शेतकरी वाचक, मंगळवेढा

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची एक सकाळ डोळ्यांपुढं आली. माळढोक बघायला गेले होते, दिसला लांडगा. पन्नासेक पावलांवर उभा. पाय लांबच लांब, पोट आत गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. ‘किती उपाशी आहे हो बिचारा,’ मी म्हटलं. शेजारी मेंढरं राखणारे एक मामा उभे होते. ते म्हणाले, ‘उपाशी नाही ओ बाई, अंगच तसलं हाय त्याचं. रात्रीच माझं कोकरू नेलंय त्यानं.’ स्वतःचं कोकरू गेलेला माणूस किती शांतपणे हे सांगत होता, ते मी विसरलेले नाही. आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

आपल्या माळावरचा लांडगा साधारण वीस किलोच्या आसपास भरतो. कॅनडाच्या उत्तरेकडचा नर ४५-५० किलोचा सहज असतो. जात एकच, वजन दुपटीहून जास्त. असा फरक कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञानं १८४७ मध्ये मांडला : उष्ण रक्ताच्या प्राण्यांमध्ये, जवळच्या नात्यातले प्राणी घेतले तर थंड मुलखातले बहुधा आकारानं मोठे निघतात.

कारण तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. पातेलंभर पिठलं तासाभरानंही कोमट असतं, त्यातलंच वाटीभर काढलेलं केव्हाच गार होतं. उष्णता साठते सगळ्या ऐवजात, पण बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागातून. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या : पृष्ठभाग ६, घनफळ १. बाजू दुप्पट करा : पृष्ठभाग २४, घनफळ ८. म्हणजे आतला ऐवज आठपट झाला, पण उष्णता जायला वाट चौपटच. बर्फात राहणाऱ्याला हेच हवं असतं. आपल्याकडं उलट. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या पुढं जातो, तेव्हा दुपारी लांडगा झुडपाच्या सावलीत धापा टाकत पडून असतो. संध्याकाळी हवा उतरली की अंगातली धग लवकर बाहेर टाकून त्याला शिकारीला निघायचं असतं. तिथं सडपातळ अंग उपयोगी पडतं. थंडीतही त्याच्या केसांखाली दाट मऊ लोकर फारशी येत नाही. फोटोतला लांडगा एवढा धिप्पाड दिसतो त्यात त्या लोकरीचाही हात असतो, हेही मुलाला सांगा.

नुसतं वजन नाही, ठेवणही बदलते. जोएल अ‍ॅलन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८७७ मध्ये दाखवलं की थंड मुलखात कान, शेपूट, पाय आखूड होत जातात. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, तसंच हे. तुम्हाला तर हे बघायला लांब जायलाच नको. ज्वारीच्या रानात सकाळी ससा उठतो ना, तो ऊन पाठीशी घेऊन बसलेला असताना त्याचे कान बघा. उजेड आरपार येऊन कान गुलाबी दिसतात आणि त्यातली एकेक शीर पानावरच्या शिरांसारखी उमटते. त्या शिरांतून फिरणारं रक्त गार होऊन अंगात परत जातं. उत्तर ध्रुवाकडच्या सशाचे कान आखूड असतात, आणि वजनाला तो आपल्या सशापेक्षा बराच भारी भरतो. दोन्ही नियम एकाच प्राण्यात.

आता तुमची पोटाची शंका. ती अगदीच चुकीची नाही. सुमात्राचा वाघ लहान, सैबेरियाचा मोठा, इथवर बर्गमन जुळतो. पण आपला हिमालयाच्या पायथ्याचा, तराईतला वाघ उष्ण प्रदेशातला असूनही सैबेरियाच्या वाघाच्या तोडीस तोड असतो, कारण त्याला सांबरासारखी मोठी शिकार मिळते. म्हणून हा नियम म्हणजे एक सर्वसाधारण कल समजायचा, प्रत्येक प्राण्याला चिकटवायचा नाही. साप-सरड्यांना तर तो सहसा लागूच होत नाही. त्यांची ऊब बाहेरून येते, आणि सर्वांत मोठे अजगर उष्ण प्रदेशातच सापडतात.

राहिलं पिल्लू. तिकडं नेलं तर अंगावर थोडं मांस चढेल, सांगाडा इथलाच राहील. हा बदल एका जन्मात होत नाही. चिमण्यांचं उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. १८५० नंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात युरोपातल्या चिमण्या आणून सोडल्या. त्या अमेरिकाभर पसरल्या. जॉन्स्टन आणि सेलँडर या दोन शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या चिमण्यांची मापं घेऊन १९६४ मध्ये लिहिलं, की उत्तरेकडच्या चिमण्या दक्षिणेकडच्यांपेक्षा मोठ्या झाल्या आहेत. वर्षाला पिढी उलटणाऱ्या पाखराला शंभरेक वर्षं लागली, आणि शास्त्रज्ञांना तेच फार झटपट वाटलं!

पण दादा, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीनं मला काळजी लागली आहे. ती पिल्लं बिळातच असू द्या. लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, पिल्लू उचलणं हा गुन्हा आहे. बिळापाशी वर्दळ वाढली तर मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवते, आणि त्यात एखादं दगावतं. पोरांना ओढ्याकडं जाऊ देऊ नका, कुत्री बांधून ठेवा, शेळ्या रात्री वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घ्या. उन्हाळ्यापर्यंत पिल्लं आईमागं हिंडायला लागतील. तेव्हा बांधावरून, लांबूनच, त्यांच्या पायांची लांबी बघा आणि मला कळवा.