शून्य दाबलं की पिन

प्रश्न : आमची तालुक्याच्या गावातली पतसंस्था आहे. चौदा एक्स्टेन्शनचा (आतल्या फोनांचा) ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज, आणि बाहेरच्या दोन लाईन. पूर्वी एसटीडीला कुलूप होतं. सभासदांचे मोबाईल लागेनात म्हणून ते काढलं. आता ऑफिस सुटल्यानंतरचे फोनही बिलात दिसतात. कुणी केले ते कळत नाही. बाहेर फोन लावताना दाबायचा पिन लावावा का? फोनवाला म्हणतो, एकच पिन ठेवा आणि सगळ्यांना सांगा.
– सचिव, जि. सांगली

उत्तर : सचिवसाहेब, पिन जरूर लावा, पण फोनवाल्याचं एवढं एक ऐकू नका. सगळ्यांना सांगितलेला पिन म्हणजे दाराच्या चौकटीवर ठेवलेली किल्ली. तुमचं दुखणं 'कुणी केला' हे आहे. त्यासाठी माणशी वेगळा पिन हवा.

तुमचं जुनं कुलूप अडलं कशाने, तेही सांगतो. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून कुठल्याही मोबाईलला आधी शून्य लावावं लागतं. एसटीडीचं कुलूप शून्यच अडवतं, म्हणजे गल्लीतल्या सभासदाचा मोबाईलही अडला. 'शून्यानंतर 6, 7, 8, 9 आला तर सोड' असा नियम काहीजण लावतात. तो कच्चा आहे, कारण नागपूरचा 0712 आणि बंगळुरूचा 080 त्यातूनच निसटतात. म्हणून शून्याचे सगळे फोन पिनखाली घ्या आणि दोन शून्यांची आयएसडी कंपनीला अर्ज देऊन लाईनवरच बंद करा. पतसंस्थेला परदेशी फोन कशाला लागतोय?

बऱ्याच मशीनमध्ये या सोयीला 'अकाउंट कोड' म्हणतात. इथे एक गोम आहे. काही मशीन कोड तपासत नाहीत, नुसता लिहून घेतात. कुठलेही आकडे दाबा, फोन लागतो. फोनवाला 'झालं काम' म्हणाला की त्याच्यासमोरच मुद्दाम चुकीचा पिन दाबून बघा. कॉलची नोंद, म्हणजे एसएमडीआर, संगणकावर उतरते का तेही पाहा. नोंद नसेल तर वेगळ्या पिनांचा उपयोग निम्मा.

दुसरी गोम रिडायलची. साध्या फोनचं रिडायल बटण रिसीव्हर उचलल्यापासून दाबलेले सगळे आकडे लक्षात ठेवतं, पिनसकट. वसुलीच्या साहेबांनी फोन करून ठेवला आणि मागून कुणी रिडायल दाबलं, तर नोंद साहेबांच्याच नावावर. फोन ठेवल्यावर पुन्हा उचलून एखादा आकडा दाबायचा, म्हणजे आधीचं पुसलं जातं. ही सवय लागायला वेळ लागेल. तोवर काउंटरवरच्या फोनांची रिडायल बटणं बंद करून घेतलीत तरी चालेल.

आणि तिजोरीच्या अलार्मचा ऑटो-डायलर याच ईपीएबीएक्सवर असेल तर? रात्री घंटा वाजेल, डायलर तुमचा मोबाईल लावेल आणि मशीन त्याच्याकडे पिन मागत बसेल. ते एक्स्टेन्शन पिनमधून वगळा; त्याहून बरं म्हणजे त्याला थेट बाहेरची लाईन द्या. 112, 101 आणि 108 कुठल्याही फोनवरून पिनशिवाय लागलेच पाहिजेत. 112 लावून बघाल तेव्हा पलीकडे फोन उचलणाऱ्याला चाचणी आहे असं सांगायचं, उगाच फोन आपटायचा नाही.

प्रश्न : आमच्याकडे फ्रीपीबीएक्स (संगणकावर चालणारं ऑफिसचं एक्स्चेंज) आहे. आउटबाउंड रूटला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या फोनच्या मार्गाला, पिन सेट (पिनांची यादी) लावल्यापासून, इंजिनिअरच्या मोबाईलवर फॉरवर्ड होणाऱ्या ग्राहकांनाच पिन विचारला जातो. काय करू?
– पुणे

उत्तर : फॉरवर्ड झालेला फोन त्याच रूटने बाहेर पडतो, म्हणून. त्या इंजिनिअरांचे पूर्ण मोबाईल नंबरच पॅटर्न (कुठले नंबर या रूटने जातील त्याचा साचा) म्हणून लिहा, त्यांचा पिन नसलेला वेगळा रूट करा आणि तो यादीत वर ठेवा. वरून जो आधी जुळतो तोच रूट घेतला जातो. अर्धा नंबर आणि पुढे एक्स-एक्स (म्हणजे कुठलाही आकडा चालेल) असला पॅटर्न लिहू नका, तीच पळवाट होते. शिवाय पिन सेटमध्ये सीडीआरला (कॉलच्या नोंदवहीत) नोंद करण्याचा पर्याय चालू असेल, तर अहवालाच्या अकाउंट कोडच्या रकान्यात पिन जसाच्या तसा दिसतो. तो अहवाल कुणाकुणाला उघडता येतो, ते आजच तपासा.