अमेरिकेत आरोपीची जुनी, कधी केसच न झालेली प्रकरणं ज्युरीला सांगतात. ती निकालात धरता येतात का?

धरता येतात, पण ज्या कामासाठी आत आणलीत तेवढ्याच कामासाठी. "हा माणूसच असला" हे ते काम नाही. इथे थांबलात तरी चालेल, पुढचं मी माझ्या मेव्हण्यासाठी लिहितोय.

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात माझा ज्युरीत नंबर लागला. दिवसाला १५ डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून. केस साधी, अपार्टमेंटच्या गॅरेजमधून सायकल नेली. आरोपी म्हणत होता मित्राची समजून नेली, मित्राचा मेसेजही होता, "काळी, भिंतीकडची". मग सरकारी वकिलानं एक आजोबा आणले. दोन महिने आधी शेजारच्या बिल्डिंगखाली हाच माणूस सायकल काढत होता, आजोबा वरून ओरडले तर "मित्राची आहे" म्हणाला आणि टाकून पळाला. त्याची ना तक्रार ना केस. तरी जजनं ऐकू दिलं, कारण आत्ताचं चुकून झालं की ठरवून, हे त्यातून बघायचं होतं.

खोटं कशाला बोलू, ते ऐकल्या ऐकल्या माझा निकाल लागला होता. खोलीत गेल्या गेल्या मी म्हणालो, याला सवयच आहे. आमची फोरपर्सन, म्हणजे ज्युरीची प्रमुख, एक रिटायर्ड नर्स, तिनं काही न बोलता जजनं दिलेल्या सूचनांच्या गठ्ठ्यातलं एक पान काढून माझ्यापुढे सरकवलं, दोन ओळींवर पिवळा हायलायटर. आधी ठरवायचं की जुनी गोष्ट घडली का आणि ती यानंच केली का, नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त वाटली पाहिजे, ५१ टक्के म्हणा (टक्के माझे, पानावर नव्हते). तेवढंही वाटत नसेल तर ती गोष्ट पूर्ण सोडून द्यायची. वाटलं तरी त्यावरून फक्त हेतू बघायचा, वाईट चालीचा आहे म्हणून यानंच केलं असणार असं नाही. आणि तेवढ्यावर शिक्षा नाही, आत्ताचा गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हायलाच लागतो.

आम्ही ५१ वरच अडकलो. आजोबांनी रात्री, तिसऱ्या मजल्यावरून, हुडी घातलेला माणूस बघितला होता. कोर्टात त्यांनी बोट दाखवलं तेव्हा आरोपीच्या टेबलाशी दोनच जण होते, त्यातली एक बाई वकील. हे नर्सच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मग आजोबांची साक्ष बाजूला, उरला तो मेसेज, आणि तिसऱ्या दिवशी निर्दोष.

मेव्हणा कोल्हापुरात फौजदारी वकील. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "दाजी, चोराला सोडून आलासा व्हय?" तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात हेच. त्याचं म्हणणं, साध्या माणसाला ऐकलेलं विसरता येत नाही, म्हणून तर नानावटी खून खटल्यानंतर आपण ज्युरी गुंडाळली. अरे, नानावटीत ज्युरीचा ८-१ निकाल हायकोर्टानं फिरवला तेव्हा जजनं ज्युरीला जे समजावून सांगितलं त्यातही चुका काढल्या होत्या, ते का नाही सांगत? आणि आपल्याकडे जुन्या पुरावा कायद्यात कलम ५४ होतं, नव्या कायद्यातही तोच नियम आहे, आरोपीनं स्वतःहून चांगल्या चालीचा पुरावा दिला नाही तर वाईट चाल काढायची नाही. पण काढायची नाही हे ठरवणारा आणि निकाल देणारा माणूस एकच. इथे अमेरिकेत जज जे गाळतो ते आमच्या कानावरच येत नाही. विसरायचं काम जास्त कुणाला पडतं मग?

आता त्याच्या बाजूचंही थोडं. ५१ टक्के हा उंबरठा फारच खाली आहे असं माझं मत. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात तर १९८८ च्या हडलस्टन केसपासून जजनं स्वतः खात्री करून घ्यायचीही गरज नाही, ज्युरीला तसं वाटू शकेल एवढं पुरतं. चोरीच्या व्हिडिओ कॅसेटची केस, आणि पुरावा काय तर आधी हा २८ डॉलरला एक असे टीव्ही विकत होता.

आणि हे आधी सांगायला हवं होतं, लैंगिक गुन्ह्यांत कॅलिफोर्निया आणि फेडरल कोर्टात नियम उलटा आहे, तिथे जुन्या तशाच कृत्यांवरून प्रवृत्तीसुद्धा बघता येते. न्यूयॉर्कमध्ये तसं नाही. तिथे एप्रिल २०२४ मध्ये हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टीनची शिक्षा ४-३ नं रद्द झाली, ज्यांच्याबद्दल आरोपच नव्हता अशा बायकांच्या साक्षी घेतल्या म्हणून. मेव्हण्यानं लगेच बातमी पाठवली, "बघा दाजी". मी लिहिलं, चूक साक्षी आत येऊ देणाऱ्या जजची धरलीय, ज्युरीची नाही. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.