टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४८ टक्क्यांच्या वर जात नाही, तरी लॅपटॉप हँग का होतो?

तुम्ही लिहिलंय की आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १० आहे, फॉरमॅट मारून झालाय, तरी ब्राउझरचे चार टॅब उघडले की कर्सरसुद्धा अडकतो. आणि सीपीयू ४८ टक्क्यांवरच असल्यामुळे दुकानदार रॅम वाढवायला सांगतोय. कृपा करून आत्ताच पैसे घालू नका. मी लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो आणि हे लक्षण माझ्या ओळखीचं आहे.

टास्क मॅनेजरमध्ये (म्हणजे लॅपटॉपवर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) त्या ४८ टक्क्यांच्या शेजारी ‘स्पीड’ लिहिलेलं असतं, ते वाचा. तुमच्या प्रोसेसरचा बेस स्पीड, म्हणजे मूळ वेग, १.६ गिगाहर्ट्झ आहे; टर्बोत, म्हणजे गरज पडली की आपोआप वाढणाऱ्या वेगात, तो ३.४ पर्यंत जातो. विंडोज १० मधली टक्केवारी बेस स्पीडच्या हिशेबाने काढलेली असते. म्हणजे प्रोसेसर ०.७८ गिगाहर्ट्झवर अडकला असेल, तर तो जीव तोडून काम करत असतानाही आकडा ४८-४९ च्या आसपासच दिसणार. काही चालू नसताना स्पीड कमी असणं ठीकच. भरपूर टॅब उघडून मग बघा.

स्पीड तिथेच अडकलेला दिसला, तर आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवा. स्पीड लगेच वर उसळला तर दोष चार्जरचा. बऱ्याच लॅपटॉपना चार्जर किती वॅटचा आहे हे ओळखावं लागतं. लोकल चार्जर असेल किंवा पिन खराब असेल तर ओळख पटत नाही आणि मशीन स्वतःच प्रोसेसरचा वेग पाडतं. तिथे विंडोजमधलं कुठलंही सेटिंग कामाला येत नाही, फॉरमॅट तर नाहीच.

फरक पडला नाही तर सरळ कंट्रोल पॅनेलमधून पॉवर ऑप्शन्समध्ये जा. चालू प्लॅनच्या ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’, त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’. ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’ दोन्हीकडे १०० करा. लॅपटॉप तापतो म्हणून कुणीतरी ते ५० वर आणून ठेवलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. नुसतं ९९ केलं तरी टर्बो बंद पडतो. ‘मिनिमम’ला मात्र हात लावू नका, ५ टक्के योग्य आहे. काही मॉडेलांत हा पर्यायच दिसत नाही. तिथे टास्कबारवरच्या बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करून स्लायडर उजवीकडे सरकवा. कंपनीने दिलेलं स्वतःचं पॉवरचं अ‍ॅप असेल तर त्यातला ‘सायलेंट’ किंवा ‘इको’ मोडही काढा.

फक्त माउसच अडकत असेल, बाकी सगळं सुरळीत, तर अ‍ॅडव्हान्स्डच्या त्याच यादीतलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वीज वाचवायला यूएसबीची उपकरणं झोपवणारं सेटिंग) डिसेबल करा.

तापतो म्हणूनच मर्यादा घातली असेल, तर ती काढण्याआधी फॅन साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) बदलून घ्या. खर्च करायचाच तर तो तिथे करा, रॅमवर नको. आणि लोडवरचा स्पीड किती दिसतो, चार्जर लावून आणि काढून, ते दोन्ही आकडे इथे टाका.